खोटा पेशंट

१

नट सकाळी विभागात आला आणि म्हणाला, "मग परीक्षेची नवी तारीख काय ठरली?"

विभागप्रमुखांनी चहाचा कप तोंडाशी नेता नेता खाली ठेवला. "कसली नवी तारीख?"

"कालची रद्द केलीत ना. परवा संध्याकाळी मला फोन आला होता तसा."

"कालची परीक्षा रद्द झालेली नाही. ती व्यवस्थित पार पडली. तिन्ही उमेदवारांनी तुमची मुलाखत घेतली. मी स्वतः काचेपलीकडे बसून बघत होतो."

"माझी नाही घेतली साहेब. मी काल घरी झोपलो होतो."

विभागप्रमुखांनी तेव्हा कुठे त्याच्याकडे नीट पाहिलं. दोघांचं आजवर फक्त फोनवर बोलणं झालेलं होतं. म्हाताऱ्यांच्या भूमिका हा नट फार हुबेहूब करतो असं कुणी तरी सुचवलं, म्हणून त्याला ठरवलं होतं. समोर उभा होता तो तिशीतला, भरल्या अंगाचा, गुळगुळीत दाढी केलेला माणूस. काल खुर्चीत बसलेला होता तो साठी केव्हाच ओलांडलेला, काटकुळा, हातावर शिरा वर आलेला.

"मी कालपासून सगळ्यांना सांगतोय, काय मेकअप केलाय म्हणून," विभागप्रमुख हळूच म्हणाले. "हातांच्या शिरासुद्धा."

खोलीच्या कोपऱ्यात फायलींच्या ढिगाआड बसलेल्या निरीक्षकबाईंनी चष्मा काढला.

त्या इथल्या नव्हत्या. या अभ्यासक्रमाला मान्यता देणाऱ्या परिषदेने त्यांना पाठवलं होतं. उमेदवार नियमात बसतात की नाही एवढं तपासायचं, सही करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पुढच्या गावाला जायचं, असं त्यांचं काम. एके काळी त्या स्वतः पेशंट बघत असत. गेली कित्येक वर्षं मात्र फायलीच बघत होत्या. गावोगावच्या पाहुण्यांच्या खोल्यांत उतरायच्या आणि जेवताना समोरच्या खुर्चीवर पर्स ठेवायच्या. खुर्ची रिकामी दिसली की वाढणारा विचारतो, अजून कोणी यायचंय का.

"सर, मग काल त्या खुर्चीत कोण होतं?" त्यांनी विचारलं.

२

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाला प्रवेश मिळणं सोपं नव्हतं. मानसशास्त्राची एम.ए. पाहिजे, ठरावीक टक्के पाहिजेत, जाणत्याच्या देखरेखीखाली वर्षभर मनोरुग्णांबरोबर काम केल्याचा दाखला पाहिजे, दोन शिफारशी पाहिजेत. मग लेखी परीक्षा. तिच्यातून वर येतील त्यांची शेवटची चाचणी म्हणजे खोट्या पेशंटची मुलाखत. नट पेशंट होऊन बसतो, उमेदवार त्याला वीस मिनिटं बोलतं करतो, दर वर्षी बाहेरून येणारे नवे परीक्षक एकतर्फी काचेमागून गुण देतात. जागा दोन होत्या आणि इथपर्यंत पोचलेले उमेदवार तीन. ऑफिसात त्यांना नावांनी कोणी ओळखत नव्हतं. पदक, शाळा आणि सिस्टर. एकाला विद्यापीठाचं सुवर्णपदक होतं, एक शाळेत समुपदेशिका होत्या आणि एक याच हॉस्पिटलच्या मनोरुग्ण वॉर्डात नर्स होत्या.

"उघड आहे," विभागप्रमुख म्हणाले. ते या खुर्चीत याच वर्षी आले होते आणि पहिल्याच वर्षी असं काही व्हावं याचा त्यांना फार राग आला होता. "तिघांपैकी कुणी तरी आपला माणूस घुसवला. आणि तो कुणाचा, तेही उघड आहे. सगळ्यांत जास्त गुण कुणाला पडले? सिस्टरला."

"त्या चांगल्या बोलल्या असतील."

"त्यांच्या अर्जापासूनच घोळ आहे, मॅडम. अनुभव नर्सिंगचा. तो देखरेखीखालचा अनुभव धरायचा की नाही यावर महिनाभर चर्चा चालली होती. आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब हट्टाला पेटले, नियमात बसतं म्हणाले. पुढच्या वर्षी नियम बदलतोय, मग बसणार नाही. म्हणजे त्यांना ही शेवटची संधी. आता तुम्हीच जोडा."

बाईंनी जोडलं नाही. त्या नटाकडे वळल्या. "फोनवर काय शब्द होते, आठवतं?"

"बाप्याचा आवाज होता. फार अदबीनं बोलला. म्हणाला, 'उद्याचा प्रयोग रद्द आहे, पण काळजी करू नका, तुमची नाइट बुडणार नाही.'"

"नाइट?"

"नाटकात एका प्रयोगाच्या मानधनाला म्हणतात."

"तुमच्या विभागात असं कोणी म्हणतं का, सर?"

"प्रयोग म्हणतात. मानसशास्त्र आहे आमचं, उठता बसता प्रयोगच करतो आम्ही." विभागप्रमुखांना आपल्याच बोलण्याचं हसू आलं, पण ते टिकलं नाही. "नाइट वगैरे नाही. मॅडम, निकाल संध्याकाळी लावायचाय. मी पोलिसांना कळवतो. दुसऱ्याचं सोंग घेऊन परीक्षेत बसणं हा गुन्हा आहे."

"संध्याकाळपर्यंत थांबा. तिघांना मला भेटू द्या. आणि त्या पेशंटची गोष्ट काय होती तेवढं सांगा."

गोष्ट साधी होती. वृद्ध माणूस, बायको दीर्घ आजाराने गेलेली, मरताना तिचा हात त्याच्या हातात. झोप नाही, भूक नाही. एक मुलगी, याच शहरात राहणारी, तिच्याशी अबोला. "मुलीचं मी घातलं," विभागप्रमुख म्हणाले. "आधी वर्षानुवर्षं दोन मुलगे होते, परदेशात. फार शिळं वाटलं मला ते. काल त्यानं बरंच आपल्या मनाचं घातलं, पण मी म्हटलं, नट आहे, घालणारच."

३

शाळेच्या समुपदेशिका कडक इस्त्रीच्या सुती कपड्यांत आल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या. शाळेतून बिनपगारी रजा काढून त्यांनी वर्षभर दवाखान्यात काम केलं होतं.

"मला वाटलं मी नापास झाले," त्या म्हणाल्या. "पेशंटनं मला दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. मुलंबाळं विचारली तर म्हणाला, दोन मुलगे आहेत, परदेशात असतात. मी म्हटलं, फोन करतात का? तर बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, 'नाही हो. मूलच झालं नाही आम्हाला.' मी गोंधळले. मला वाटलं हा सापळा असणार, विसंगती पकडता येते का बघतायत."

"मुलगी आहे असं म्हणाला?"

"मुलीचं नावही नाही."

"आणखी काही? परीक्षेशी संबंध नसलेलं काहीही चालेल."

त्यांनी आठवून पाहिलं. "मी आत गेले तेव्हा म्हणाला, 'त्या खुर्चीत नका बसू, डुगडुगते. ही घ्या.' आणि मग माझ्या हाताकडे बघून म्हणाला, बाहीचं बटण सैल झालंय, आज-उद्या पडेल, दोराच कच्चा वापरलाय. मला बरं वाटलं, खरं सांगू का? सकाळपासून पहिल्यांदा कुणी तरी माझ्याकडे माणूस म्हणून बघितलं होतं. नंतर वाटलं, अरे, पेशंट तो आहे, मी नाही."

त्यांनी बाही पुढे केली. बटण खरंच एका धाग्यावर लोंबत होतं.

"आणि घंटा झाली तेव्हा?"

"घंटेच्या जरा आधीच थांबला. म्हणाला, 'बरंय, वेळ झाली.' आणि घंटा वाजली. घड्याळ तर नव्हतं हो खोलीत."

त्या गेल्यावर बाई मुलाखतीच्या खोलीत जाऊन आल्या. दोन खुर्च्या, एक तिवई, भिंतीतली काळी काच. दोन्ही खुर्च्या दिसायला अगदी सारख्या होत्या. बाई डावीकडच्या खुर्चीत बसल्या आणि खुर्ची कलली. बसल्याशिवाय ते कळण्यासारखं नव्हतं. तिथेच बसून त्यांनी काचेतल्या आपल्या अंधुक चेहऱ्याकडे थोडा वेळ पाहिलं. काल इथे आला तो माणूस या खोलीत पहिल्यांदा आलेला नव्हता.

४

सिस्टर ड्यूटीवरून तशाच आल्या. बसा म्हटलं तरी उभ्या राहिल्या.

"खाली कुजबुज चालू आहे, मॅडम. माझा माणूस होता म्हणतात."

"होता का?"

"माझा माणूस असता तर बरंच झालं असतं." हे त्यांनी इतक्या सरळपणे म्हटलं की बाईंना पुढचं काही विचारवेना. सिस्टर हॉस्पिटलच्या वसतिगृहात एकट्या राहत. वॉर्डातल्या नोकरीबरोबर शिकून त्यांनी दोन पदव्या घेतल्या होत्या. "परीक्षा रद्द झाली तर माझं संपलं. पुढच्या वर्षीपासून माझा अनुभव अनुभव राहणार नाही. वॉर्ड तोच, पेशंट तेच, कामही तेच. पण ते जाऊ द्या. काय विचारायचंय?"

"तो काय बोलला ते सगळं."

"सुरुवातीला पोपटासारखं बोलला. मग माझ्या खांद्याकडे बघून म्हणाला, 'युनिफॉर्म ओढतोय ना इथे? बाही जरा पुढून लावायला हवी होती.' मी म्हटलं, ओढतोय, सहा वर्षं ओढतोय. हसला. नंतर मोकळा झाला. मी विचारलं, मालकीण गेल्या तेव्हा तुम्ही कुठे होतात? तर म्हणाला, 'नळावर होतो. डबा धूत होतो. परत आलो तर तिच्या अंगावर चादर ओढलेली.' मी वॉर्डात असं किती वेळा पाहिलंय, माणूस जेमतेम पाच मिनिटं हलतो आणि नेमकं तेव्हाच. मनात म्हटलं, काय नट आहे हा, कुठून शिकला असेल."

बाईंनी ते शब्द तसेच टिपून घेतले. गोष्टीत हात हातात होता. नटाने स्वतःचं काही घातलं असतं तर ते जास्त रंगवून घातलं असतं. डबा धूत होतो, असं कोणी मनाने रचत नाही.

"आणि शेवटी?"

"शेवटी आभार मानले. म्हणाला, 'आज सांगून झालं, बरं वाटलं. आता घरी जाऊन सगळं आवरून ठेवतो.'"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आवरून ठेवतो?"

सिस्टरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "मला वाटलं ते त्याला लिहून दिलेलं आहे. मी पुढे विचारणारच होते, तेवढ्यात घंटा वाजली. परीक्षा आहे म्हणून मी उठले. वॉर्डात असते तर उठले नसते, मॅडम."

बाई तडक विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या. "तुमच्या गोष्टीत मरणाची भाषा आहे का? निरवानिरव, आवराआवर, असं काही?"

"छे. ते मुद्दाम वगळलंय. उमेदवार घाबरतात."

"मग पोलिसांचं सोडा, सर. तो माणूस आज जिवंत आहे का, हे आधी बघायला हवं."

५

पदकवाला सगळ्यांत तरुण. उत्तरं तयार ठेवून आला होता आणि ती एकापाठोपाठ एक देत गेला. लक्षणं, कालावधी, तीव्रता. बाईंनी मधेच थांबवलं.

"तुला काही वेगळं वाटलं नाही त्या माणसात?"

"नाही, मॅडम."

"तिघांत तू पहिला आत गेलास. तुझ्याशी तो सगळ्यात कमी बोलला असेल, ठीक आहे. पण परीक्षकांच्या नोंदी मी पाहिल्या. शेवटच्या पाच मिनिटांत तू एकही प्रश्न विचारलेला नाहीस. वीस मिनिटं पाठ करून आलेला मुलगा पाच मिनिटं गप्प का बसला?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. खाली हॉस्पिटलच्या आवारात कुणी तरी स्ट्रेचरची चाकं धूत होतं.

"मला कळलं होतं," तो म्हणाला. "तो नट नव्हता."

"कशावरून?"

"आई गेल्यावर बाबा असेच बोलायचे. वाक्याच्या मधेच थांबायचे आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचे, ती तिथून काही तरी दुरुस्त करेल म्हणून. तारीख, कुणाचं नाव, काहीही. काल त्या खोलीत स्वयंपाकघर नव्हतं. भिंत होती. तरी तो मधे थांबून तिकडे बघत होता."

"आणि तू काय केलंस?"

"काचेमागे परीक्षक होते. मी उठून 'हे खरं आहे' म्हटलं असतं आणि ते खोटं निघालं असतं तर? हसले असते सगळे. मग मी पुढचा प्रश्न आठवायला लागलो, तो आठवेना. म्हणून गप्प बसलो." त्याने हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले होते. "तुम्ही हे परीक्षकांना सांगणार?"

"मी नाही सांगणार. बाबा कुठे असतात तुझे?"

"गावी. एकटेच. अभ्यासामुळे जाणं झालं नाही बरेच दिवस."

बाईंनी मान हलवली. त्याला रागवावं असं त्यांना वाटलं नाही. काचेमागे कोणी बसलेलं असलं की माणसाचं काय होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"जा तू. पण एक सांग, त्याचे हात पाहिलेस?"

"हो. उजव्या हाताच्या अंगठ्याला मोठा घट्टा होता. कात्री धरणाऱ्यांना पडतो तसा."

६

भाऊसाहेब खालच्या मजल्यावर दाखले पडताळत बसले होते. कालचा अख्खा दिवस ते तिथेच होते. परीक्षेच्या मजल्यावर फिरकलेच नव्हते. बाईंनी समोरची खुर्ची ओढली आणि दार लोटून घेतलं.

"भाऊसाहेब, मला जे वाटतंय ते मी बोलते. चुकलं तर थांबवा. काल आलेला माणूस त्या खोलीत अनेकदा बसलेला आहे. कुठली खुर्ची डुगडुगते ते त्याला माहीत, वीस मिनिटं कधी भरतात ते घड्याळाशिवाय माहीत. त्याने दोन मुलगे परदेशात आहेत असं सांगितलं. ती जुनी गोष्ट. नवीन गोष्ट त्याला ठाऊकच नाही. म्हणजे तो तुमचा आधीचा खोटा पेशंट. नटाला फोन केला तोही त्यानेच, कारण 'नाइट' म्हणणारा माणूस रंगमंचावरचाच. पण पोट त्याचं नाटकावर नाही. बटण, दोरा, खांद्याची शिवण, अंगठ्याला कात्रीचा घट्टा. शिंपी आहे तो. आणि तो उमेदवारांपैकी कुणाचाही नाही. तिघांशी सारखाच वागला, आणि ज्याला कुणी पढवून पाठवलं असतं तो मुलांच्या बाबतीत असा अडखळला नसता. अडखळला, कारण पाठ केलेलं खोटं सांगता सांगता त्याच्या तोंडून स्वतःचं खरं बाहेर पडलं."

भाऊसाहेब टेबलावरचा शिक्का उचलून पुन्हा त्याच जागी ठेवत होते.

"मास्तर," ते म्हणाले. "टेलरमास्तर. हौशी नाटकांत कामं करायचे. पंधरा-सोळा वर्षं हे काम त्यांनीच केलं. आधीचे साहेब म्हणायचे, मास्तरांनी रडवल्याशिवाय इथे कोणी डॉक्टर होत नाही."

"मग या वर्षी का नाही?"

"या वर्षी त्यांची बायको गेली, मॅडम. खरीच. आता बायको गेलेल्या माणसाला बायको गेल्याचं नाटक करायला कसं बोलवायचं? मी नव्या साहेबांना सांगितलं, आधीच्यांना जमणार नाही, दुसरा बघा. मला वाटलं मी चांगलंच करतोय." त्यांनी शिक्का बाजूला सारला. "पंधरा दिवसांमागे ते आले होते. विचारलं, या वर्षी कोण करतंय? म्हणाले, नंबर द्या, पोराला चार गोष्टी सांगतो. मी दिला."

"सकाळपासून तुमच्या लक्षात आलंय."

"आलंय. पण साहेब पोलीस म्हणत होते. त्या माणसाला पोलिसांच्या हवाली करू?"

"घर माहितीये तुम्हाला?"

"दुकानाच्या वरच राहतात."

"मग टोपी घ्या. काल खोलीतून उठताना तो काय म्हणाला ते रस्त्यात सांगते."

७

दुकानाची फळी अर्धी लावलेली होती. आतल्या दांडीवर एकही कपडा नव्हता. शिंप्याचं दुकान असं रिकामं बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. शेजारचा घड्याळजी म्हणाला, "मास्तरांनी सकाळपासून सगळ्यांचे कपडे घरोघर पोचवलेत. काही तर अर्धवट होते, तेही शिवून दिले. शिलाई घेतली नाही कुणाकडून."

भाऊसाहेब जिन्याकडे धावले. त्यांच्या वयाच्या माणसाने इतक्या जोरात जिना चढू नये, असं बाईंच्या मनात आलं आणि त्या स्वतःही तशाच चढल्या.

दार उघडंच होतं. मास्तर जमिनीवर बसले होते. त्यांच्या पुढ्यात बायकोच्या कपड्यांच्या घड्या होत्या, रंगावार लावलेल्या. खोली स्वच्छ झाडलेली, भांडी पालथी घातलेली, गॅसजवळच्या कट्ट्यावर पाण्याचा थेंब नाही. मांडीवर त्यांनी एक लोकरी कोट घेतला होता आणि त्याच्या अस्तराची शिवण ते घालत होते.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "फळी पूर्ण लावायला हवी होती मी." मग बाईंकडे बघून, "परीक्षेच्या मॅडम का? मला माफ करा. त्या पोरांचं नुकसान व्हायला नको. तिघंही चांगली आहेत."

बाई त्यांच्या समोर जमिनीवर बसल्या. विचारायचं ते सरळ विचारायचं, हे त्यांनी एके काळी कितीतरी विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. आज ते शब्द त्यांच्याच तोंडात जड झाले.

"मास्तर, तुम्ही जीव द्यायचं ठरवलंय का?"

भाऊसाहेबांनी दाराची चौकट धरली. मास्तरांनी सुई अस्तरात टोचून ठेवली.

"सकाळी ठरवतो," ते म्हणाले. "दुपारपर्यंत मोडतं. आज दुपार झाली तरी मोडलं नाही. मग म्हटलं, एवढा कोट तरी पुरा करू. तिनं कधीचा सांगितला होता."

"काल का आलात तिथे?"

"घरी माणसं येतात, मॅडम. धीर धरा म्हणतात, चहा पितात आणि उठतात. त्यांचंही बरोबर आहे. कोण किती ऐकणार? तिथे कसं, वीस मिनिटं त्यांना उठायची परवानगी नसते. इतकी वर्षं मी तिथे बसून खोटंच रडलो, आणि समोरची पोरं जीव ओतून ऐकायची. मला वाटलं, एकदा खरं सांगून बघावं. एकाला सांगून पुरलं नाही, दुसरीला सांगितलं, मग तिसरीला."

"पुरलं?"

"नाही."

"मग अजून सांगा. पण इथे नाही, माझ्याबरोबर चला. हॉस्पिटलात डॉक्टर आहेत, ते आज तुम्हाला बघतील. कोट बरोबर घ्या."

मास्तरांनी बराच वेळ त्या घड्यांकडे पाहिलं. भाऊसाहेब पुढे आले आणि त्यांनी कोपऱ्यातल्या चपला उचलून त्यांच्या पायाशी ठेवल्या. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाच्या चपला उचलल्या असतील. मास्तर उठले.

८

विभागप्रमुखांचा फोन हॉस्पिटलच्या बोळात आला. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं.

"मी काचेतून तासभर त्या माणसाकडे बघत होतो," ते म्हणाले. "मेकअपचं कौतुक करत."

तक्रार करायची नाही असं ठरलं. चाचणी आठवड्याभरात पुन्हा घ्यायची, नव्या नटाला घेऊन, याच वर्षीच्या नियमांनी. सिस्टरचा अनुभव धरला जाईल असं बाईंनी लिहून देण्याचं कबूल केलं. पुढे ती फेरचाचणी झाली. सिस्टर आणि पदकवाला निवडले गेले. पदकवाल्याने परीक्षकांना आपण होऊन सगळं सांगितलं. एका परीक्षकाने त्यावर गुण कापले, दुसऱ्याने वाढवले आणि हिशेब जुळून आला. शाळेच्या बाईंचं नाव थोडक्यात हुकलं. त्या परत शाळेत गेल्या आणि पुढच्या वर्षीचा अर्ज घेऊन गेल्या.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी भाऊसाहेब मास्तरांच्या घराची किल्ली द्यायला घड्याळजीकडे गेले होते आणि बोळातल्या बाकावर बाई आणि मास्तर दोघंच होते. नोंदणीच्या खिडकीतली मुलगी केसपेपर भरत होती.

"पेशंटचे नातेवाईक कोण?" तिने विचारलं.

"नाहीत," मास्तर म्हणाले.

"सोबत आलंय ना कोणी? त्यांचं नातं सांगा."

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंच्या ओठांवर हुद्दा आला होता, परिषदेचं नाव आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"ओळखीची आहे," त्या म्हणाल्या.

मुलीने लिहून घेतलं आणि बसायला सांगितलं. डॉक्टर दुसऱ्या एका पेशंटमध्ये गुंतले होते, वेळ लागणार होता. मास्तर कोट मांडीवर घेऊन बसले. समोरच्या भिंतीचा रंग पोपडे धरून सुटला होता. दोघंही त्याच्याकडे बघत राहिली.

"सकाळी तुमची गाडी आहे, भाऊसाहेब म्हणत होते."

"दुपारची पण असते एक."

मास्तरांनी मान डोलावली. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं, मॅडम?"

हा प्रश्न बाईंनी आयुष्यात शेकडो माणसांना विचारला होता. त्यांना तो कुणी विचारला त्याला किती वर्षं झाली, हे त्यांना आठवेना. त्यांनी पर्स मांडीवरून उचलून बाकाखाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. मास्तर त्यांच्याकडे वळून बसले.